समोरून आलेला सायकलवाला

आरसेवाल्याला सगळे आरसेवालाच म्हणायचे. तो आरसे बनवायचा नाही की विकायचाही नाही. कारखान्यातून उचलायचे आणि ज्याचे त्याच्या दारात उतरवायचे, एवढंच त्याचं काम. पण नाव पडलं ते पडलं. बायकोसुद्धा रागात असली की म्हणायची, "आले आमचे आरसेवाले, जगाला तोंडं दाखवून." गाडीच्या एका कुशीला तिरकी लाकडी चौकट होती, तिच्यात आरसा उभा करून तो गावोगाव फिरायचा. आजवर त्याच्यावर कधी कसलं बालंट आलं नव्हतं. आणि आलं ते कुठं, तर जिथली भाषा त्याला ओ की ठो कळत नव्हती अशा लांबच्या मुलखात.

गाडीच्या नंबरवरून समन्स आलं तेव्हा मालकानं ते कुणाकडून तरी वाचून घेतलं. अपघाताच्या जागेवरून निघून गेल्याचा आरोप होता. मालक माणूस वाईट नव्हता, पण धंदा तो धंदा. म्हणाला, "लायसन गेलं तर गाडी दुसऱ्याच्या हातात द्यावी लागेल, बाबा. उभी तर नाही ना ठेवता येत." आरसेवाल्यानं मान हलवली. त्याला दुसरं काहीच येत नव्हतं, हे त्यालाही ठाऊक होतं नि मालकालाही. घरात बायको, लेक आणि तिची शाळा, सगळं त्या एका लायसनवर उभं होतं. निघताना बायकोनं शर्टाची कॉलर सरळ केली आणि बजावलं, "उगाच पाल्हाळ लावू नका. विचारतील तेवढंच सांगा. आणि लायसन घेऊन घरी या."

मग तो निघाला. रिकाम्या गाडीनं निघाला, त्यामुळं गाडी हलकी, आणि हलकी गाडी चालवताना माणूसही जरा हलकाच होतो. शेतं मागं पडली, डोंगर आले नि गेले, पाट्यांवरची अक्षरं ओळखीची होती ती अर्धवट ओळखीची झाली आणि मग साफ अनोळखी. त्याला वाटायला लागलं की आपण चाललोच नाही, रस्ताच कुणीतरी खालून ओढून घेतंय. वाटेत एके ठिकाणी गाडीतच झोपला. झोपेतही रस्ता डोळ्यांपुढं चालूच. सकाळी जाग आली तेव्हा चौफेर इतकं दाट धुकं होतं की आपण जागे झालोत का अजून नाही, हे कळायला त्याला बोनेटवर हात ठेवून बघावं लागलं. बोनेट गार होतं. म्हणजे जागा होता.

त्या दिवशीही असंच धुकं होतं. काय झालं होतं ते सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल.

त्यांच्या धंद्यात एक नियम आहे: तोंड आत, पाठ बाहेर. आरसा चौकटीत ठेवायचा तो काच गाडीकडं आणि लाकूड रस्त्याकडं करून. पण त्या दिवशीचा आरसा केस कापायच्या दुकानातला होता, दरवाजाएवढा रुंद, आणि त्याच्या पुढच्या अंगाला कंगवे-कात्र्या ठेवायची फळी. फळीमुळं तोंड आत बसेना. मग त्यानं केलं उलट. तोंड बाहेर ठेवलं, वरून घोंगडी टाकली, दोरीनं बांधली आणि निघाला. कालव्याकाठी उंच झाडांमधून जाणाऱ्या एका गल्लीच्या तोंडाशी गाडी आडवी उभी करून तो चिठ्ठीवरचा पत्ता लावत बसला होता, तोच मागं काहीतरी धडपडल्याचा आवाज झाला. उतरून बघतो तो गल्लीच्या कडेला खणलेल्या चारीत एक म्हातारा आणि त्याच्या अंगावर सायकल. आणि चौकटीवरची घोंगडी एका बाजूनं सुटून खाली लोंबत होती.

इथं एक गोष्ट झाली ती आरसेवाल्यानं बायकोलाही सांगितली नव्हती. त्यानं आधी घोंगडी वर ओढली, गाठ मारली आणि मग म्हाताऱ्याकडं धावला. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. हातांना सवय होती, हातांनी केलं. नंतर त्यानं सगळं रीतसर केलं. म्हाताऱ्याला बाहेर काढलं, पाणी पाजलं, त्याचं डोकं मांडीवर घेतलं. जवळच्या एकुलत्या एका घरातून म्हातारी धावत आली, कुणाची तरी मोटार थांबली, म्हाताऱ्याला तिच्यात निजवलं. म्हातारा याचा हात सोडेना, सारखं काहीतरी विचारत होता. याला कळत कुठं होतं? त्यानं हात हळूच सोडवला, म्हातारीकडं बघून मान लववली आणि आपण सगळे म्हणतो तसं म्हणाला, "येतो हं, काकू. येतो." आणि गेला.

कोर्टाची इमारत पिवळी होती. त्या गावातली सगळीच पिवळी होती आणि धुक्यात एकमेकींपासून वेगळी काढता येत नव्हती. आत लांबलचक व्हरांडा, बाकं, बाकांवर वाट बघणारी माणसं. एकजण उभ्या उभ्या पेंगत होता. उंच खिडक्यांतून उजेड यायचा, पण खाली पोचेपर्यंत त्यातला जोर जायचा. इथं वेळ पुढं जात नसावी, साचत असावी, असं आरसेवाल्याला वाटलं. त्याला झोप आल्यासारखं झालं आणि भीतीही वाटली.

"दादा, तुम्हीच का ते? आरसेवाले?"

स्वतःची भाषा इतक्या लांब कानावर पडल्यावर त्याला एकदम भरून आलं. समोर एक बाई उभी होती, चष्मा, हातात छत्री. कोर्टानं नेमलेली दुभाषी. तिचं माहेर आपल्या भाषेतलं, सासर इथलं. म्हणाली, "बोलायला कुणी नाही हो इथं. घरात मांजराशी बोलते, त्याला आता सगळं कळतं." आरसेवाला पहिल्यांदा हसला.

मग तिनं जरा चाचरत सांगितलं, "हे सगळं माझ्यामुळं झालंय, दादा. त्या आजींनी तुमचा एक शब्द लक्षात ठेवला होता. चार दिवस घोकत होत्या म्हणे. पोलिसांनी मला फोनवर विचारलं, 'येतो' म्हणजे काय? मी सांगितलं, 'येतो' म्हणजे 'मी येतो'. दुसरं काय सांगणार? माणूस जाताना म्हणाला हे मला कुणी सांगितलंच नाही. त्यांनी लिहून टाकलं, परत यायचं वचन देऊन पळून गेला."

"अहो ताई, पण जाताना आपण 'जातो' थोडंच म्हणतो?"

"तेच. आज ते मी शपथेवर सांगणार आहे. वेडंवाकडं झालं ते मी निस्तरते."

तेवढ्यात वकील आला. सरकारनं दिलेला, तरुण, बुटांची नाडी सुटलेली. तो उभ्यानंच कागद चाळत भराभर बोलला आणि ताई मागोमाग सांगत गेली. वकील खुशीत होता. केसमध्ये दमच नाही म्हणाला. म्हातारबाबांचा जबाब एकदा ऐका, म्हणाला.

ताईनं वाचून दाखवलं. "मी गल्लीतून सायकलवरून येत होतो. समोरून एक म्हातारा सायकलवरून माझ्या अंगावर आला. मी सायकल एका बाजूला घेतली, तर त्यानंही त्याच बाजूला घेतली. मी दुसरीकडं वळवली, तर तोही तिकडंच. काही केल्या वाट देईना. मी ओरडलो, त्यानंही तोंड उघडलं, पण आवाज आला नाही. शेवटी मी चारीत पडलो. तोही पडला. त्याला फार लागलं नाही ना?"

वकील हसला. ताई सांगायला लागली, "वकील म्हणतायत, पोलिसांनी तो दुसरा सायकलवाला शोध शोध शोधला. असा कुणी नाहीच. म्हणजे म्हातारबाबांचं डोकं आता ठिकाणावर नाही. आपोआपच पडले ते. मग तुम्ही अपघातातले नाहीच मुळी. वाटेत पडलेल्या माणसाला पाणी पाजणारे भले गृहस्थ. कुणी विचारलं तर सांगायचं, गाडीत सामान होतं, झाकलेलं होतं. संपलं. लायसन तुमच्या खिशातच राहतं."

एवढ्या दिवसांत आरसेवाल्याला निघून गेल्याच्या आरोपाचीच काळजी लागली होती. दुसऱ्या कुठल्या गोष्टीकडं त्याचं लक्षच गेलं नव्हतं. आता त्याला ती गल्ली दिसली. पण गाडीतून नव्हे, सायकलच्या सीटवरून दिसली. धुकं, दोन्ही बाजूंना उंच झाडं, आणि जिथं गल्ली संपायला हवी तिथं ती संपतच नाही, पुढं तशीच जातेय, तीच झाडं, तेच धुकं, आणि त्यातून एक म्हातारा आपल्याकडं येतोय. कसं कळणार बिचाऱ्याला? आरशाशी हुज्जत घालून कोण जिंकलंय? ताईला वाटलं, माणूस सुटकेच्या आनंदात गप्प झालाय.

म्हातारा-म्हातारी व्हरांड्याच्या टोकाला बसली होती. म्हाताऱ्याचा हात गळ्यात बांधलेला, अंगात चांगला कोट, दाढी घोटलेली. आरसेवाला दिसला तसा तो अर्धवट उठला. त्याचा चेहरा असा उजळला की आरसेवाल्याला नजर वळवावीशी वाटली. म्हातारा काहीतरी म्हणाला, आणि लगेच म्हातारीकडं वळून त्यानं तिला काहीतरी विचारलं.

"बायकोला विचारतायत," ताई हलक्या आवाजात म्हणाली, "हा तोच ना, की मला तसं वाटतंय?"

म्हातारीनं मान हलवली आणि मग ती ताईशीच बोलायला लागली. तिला बऱ्याच दिवसांचं बोलायचं असावं. ताई तुकड्या-तुकड्यानं सांगत होती. "म्हणतात, सायकल मी कुलूप लावून ठेवलीय. डॉक्टरांनी सांगितलं, एकट्याला सोडू नका. म्हणतात, आता ते प्रत्येक गोष्ट विचारतात. दार बंद केलंय ना? आज कोणता वार? सकाळी उठून विचारतात, तू तूच आहेस ना? आधी चेष्टेनं विचारायचे. आता चेष्टा नसते." ताई थांबली, चष्मा पुसला. "आणि म्हणतात, ते रोज खिडकीत बसतात. गाडीवाला येतो म्हणालाय, तो आला की सांगेल, दुसरा म्हातारा होता का नव्हता. त्यालाच फक्त माहीत."

"आजी," आरसेवाला एवढंच म्हणाला, आणि ते भाषांतर करायची गरज नव्हती.

तेवढ्यात आतून पुकारा झाला.

खोली लहान होती. न्यायाधीशबाईंना सर्दी झाली होती आणि त्या रुमाल हातातच धरून बसल्या होत्या. आधी ताईची साक्ष झाली. तिनं खणखणीत सांगितलं की आमच्या भाषेत जाणारा माणूस 'येतो' म्हणतो. न्यायाधीशबाईंनी विचारलं, मग खरंच येणारा काय म्हणतो? ताई म्हणाली, तोही 'येतो'च म्हणतो. मग ऐकणाऱ्याला कळतं कसं? ताईनं जरा विचार केला आणि म्हणाली, "दाराकडं बघून." बाईंना हसू आलं, मग शिंक आली. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. वकिलानं आरसेवाल्याकडं बघून एक डोळा बारीक केला. काम फत्ते.

मग म्हाताऱ्याला उभं केलं. जबाब वाचून दाखवला आणि विचारलं, हे बरोबर आहे का. म्हाताऱ्यानं आधी आरसेवाल्याकडं पाहिलं, मग बायकोकडं, मग जमिनीकडं. ताई कुजबुजली, "म्हणतायत, मला तसं दिसलं. पण सगळे म्हणतात तसं नव्हतं. तर नसेल. माझंच काहीतरी बिघडलं असेल. तसं लिहून घ्या." म्हातारी खाली मान घालून पर्सच्या पट्ट्याशी चाळा करत होती.

न्यायाधीशबाई आरसेवाल्याकडं वळल्या. त्यांनी विचारलं, तुम्हाला काही सांगायचंय? गाडीत काय होतं?

आता इथं वकिलानं शिकवलेलं वाक्य त्याच्या जिभेवर तयार होतं. सामान होतं. झाकलेलं होतं. खोटं तरी म्हणावं का त्याला? सामानच होतं. झाकलेलंही होतं, आधी आणि नंतर. मधल्या वेळेचं कुणाला माहीत होतं? बायकोचे शब्द कानात होते. लेकीच्या शाळेची पायरी डोळ्यांसमोर आली. सगळी खोली संथ झाली, उजेड आणखी पातळ झाला, आणि त्याला वाटलं की आपण गप्प राहिलो तर हे सगळं विरून जाईल, धुकं विरतं तसं, आणि आपण घरी जागे होऊ. एक म्हातारा तेवढा तिथं खिडकीत बसून राहील आणि बायकोला विचारत राहील, तू तूच आहेस ना. त्याला म्हाताऱ्याचा राग आला. माझ्याच गाडीपुढं यायचं होतं का याला, असं मनात आलं. आणि मग त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"आरसा होता," तो म्हणाला.

ताईनं भाषांतर केलं नाही.

"सांगा ना, ताई. आरसा होता. दरवाजाएवढा. तोंड बाहेर करून ठेवलेला, आमच्यात असं ठेवत नाहीत तरी मी ठेवला. घोंगडी सुटली होती. गाडी गल्लीला आडवी होती. त्यांना दिसला तो तेच होते. त्यांचं काही बिघडलेलं नाही. त्यांनी बघितलं ते अगदी बरोबर बघितलं. वळवतील तिकडं तो वळणारच. आणि मी आधी घोंगडी बांधली, मग त्यांच्याकडं गेलो. हेही सांगा."

"दादा, लायसन..."

"माहीत आहे. सांगा तुम्ही."

ताईनं सांगितलं. वकिलानं कागद खाली ठेवले आणि वाकून बुटाची नाडी बांधायला घेतली, दुसरं करण्यासारखं काही उरलंच नव्हतं त्याला. न्यायाधीशबाईंनी रुमाल बाजूला ठेवला आणि एका कागदावर पेननं गल्ली काढली, गाडी काढली, सायकल काढली, आणि बराच वेळ त्याकडं पाहत राहिल्या.

म्हातारा हलला नव्हता. मग त्यानं मोकळा हात वर केला, एका बाजूला नेला, मग दुसऱ्या बाजूला, समोर कुणीतरी असल्यासारखा. आणि तो हसायला लागला. आधी आवाज न करता, मग खांदे हलवून, दुखरा हात दाबून धरून हसला. हसतच बायकोला काहीतरी म्हणाला. म्हातारीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि भर कोर्टात हुंदके देऊन रडायला लागली. पट्टेवाला तिला गप्प करायला पुढं झाला, तर न्यायाधीशबाईंनी त्याला खुणेनंच थांबवलं.

"काय म्हणाले?" आरसेवाल्यानं विचारलं.

"म्हणाले, अगं, इतका हट्टी म्हातारा मी जन्मात पाहिला नव्हता."

निकाल तिथंच झाला. 'येतो'चा आरोप गेला, पण उघडा आरसा रस्त्यावर आणला, त्यानं माणूस पडला, आणि तरी नाव-गाव न सांगता निघून गेला, हे उरलं. लायसन वर्षभर जप्त. न्यायाधीशबाईंनी ते घेताना वर पाहिलं आणि काहीतरी म्हणाल्या. ताई म्हणाली, "म्हणतायत, मला दुसरं काही करता येत नाही." आरसेवाला म्हणाला, "बरोबर आहे त्यांचं." आणि ते खरंच बरोबर होतं, त्यामुळं रागवायचीही सोय नव्हती.

बाहेर धुकं वर गेलं होतं आणि पिवळ्या भिंतींवर ऊन आलं होतं. गाडी अंगणात उभी होती, रिकाम्या चौकटीची. किल्ली त्याच्याच खिशात होती, पण आता तिचा त्याला उपयोग नव्हता. त्यानं पायरीवर बसून बायकोला फोन लावला. पाल्हाळ लावायचं नाही असं ठरवलं होतं, पण सगळं सांगितलं, घोंगडीचंसुद्धा.

"आणि गाडी?" बायकोनं विचारलं.

"इथंच. मालकाला सांगतो, कुणाला तरी पाठवेल न्यायला. जो येईल तोच आता ती चालवेल."

"म्हणजे सगळंच दिलंत."

"हो."

ती रडते आहे की काय, हे त्याला कळेना. अंगणाच्या पलीकडं म्हातारी पर्स उघडून त्यात हात घालून काहीतरी शोधत होती आणि म्हातारा तिच्यासमोर तळहात पसरून उभा होता.

"अहो," बायको म्हणाली, "त्यांना किती लागलंय? त्या म्हाताऱ्यांना?"

"हात मोडलाय. पण बरे आहेत. सायकलच्या कुलपाची किल्ली परत मागतायत."

"घ्या," ती म्हणाली, आणि नाक ओढलं. "त्यांची सायकल सुटली, आणि आता आपल्याला एक घ्यावी लागणार." मग थोडं थांबून, अगदी वेगळ्या आवाजात म्हणाली, "काही खाल्लंत का सकाळपासून?"